बर्फांतली सुटी : ती कशी आखावी?

नाताळची सुटी जवळ आली म्हणजे मुलांच्या मनांत प्रवासाचे बेत घोळूं लागतात. कोणी आजोळीं जातो, कोणी महाबळेश्वरास जातो. अलीकडे मात्र पुष्कळ घरांतून एक नवाच हट्ट ऐकूं येतो, "आम्हांला बर्फांत न्या!" ज्यांनीं सरबतांतल्या खड्याखेरीज दुसरा बर्फ पाहिला नाहीं, त्यांचा हा हट्ट स्वाभाविकच आहे. परंतु बर्फाच्या प्रदेशांतील सुटी समुद्रकांठच्या सुटीसारखी नव्हे. समुद्र बाराही महिने आपल्या जागीं असतो. बर्फाचें तसें नाहीं. तो केव्हां येईल, किती येईल, आणि आल्यावर आपणांस खेळावयास बोलावील कीं आपली वाट अडवील, हें आपल्या हातीं नसतें. म्हणून अशा सुटीची आखणी कशी करावी, तें काश्मीरांतील गुलमर्गाच्या उदाहरणानें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

गुल म्हणजे फूल व मर्ग म्हणजे कुरण. पीर पंजाल पर्वताच्या कुशींत, समुद्रसपाटीपासून सुमारें ८७०० फूट उंचीवर हें कुरण पसरलेलें आहे. उन्हाळ्यांत तें फुलांनीं भरतें. हिंवाळ्यांत तेंच अनेक फूट बर्फाखालीं झांकून जातें. १९२७ सालीं ब्रिटिश सैन्याधिकाऱ्यांनीं येथें स्की क्लब स्थापिला, आणि तेव्हांपासून घसरण्याच्या या खेळाचें हें हिंदुस्थानांतील मुख्य ठिकाण झालें आहे. २०२० सालापासून ‘खेलो इंडिया’च्या हिंवाळी सामन्यांतील बर्फावरील खेळही येथेंच होत आले आहेत.

येथें बर्फ पडतो तो आपल्या नैर्ऋत्य मोसमी पावसाचा भाऊ नव्हे. हिंवाळ्यांत भूमध्य समुद्राकडून वातावरणांतील कांहीं विक्षोभ पूर्वेकडे सरकत येतात. त्यांनीं आणलेली ओलसर हवा पर्वतास अडून वर चढते, थंड होते, व तींतील बाष्प हिमरूपानें खालीं उतरतें. उंचीबरोबर हवा थंड होत जाते. सरासरीनें दर ५०० फुटांस सुमारें एक अंश सेंटिग्रेड इतकी. यावरून श्रीनगरांत पाऊस पडत असतां गुलमर्गांत बर्फ कां पडतो, याचा उलगडा विद्यार्थ्यांस सहज होईल.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, जावें केव्हां? काश्मिरी लोकांनीं आपल्या थंडीचें पंचांगच करून ठेविलें आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान्’, म्हणजे मोठी थंडी. पुढें वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’, म्हणजे धाकटी थंडी. आणि शेवटीं दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’, म्हणजे बाळथंडी. मोठ्या थंडीच्या दिवसांत पडलेला बर्फ लवकर वितळत नाहीं. थरावर थर सांचत जातो. म्हणून स्कीच्या खेळास जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंतचा काळ सर्वांत उत्तम. येथेंच आपली अडचण उभी राहते. आमची सुटी पौषाच्या सुमारास आणि बर्फाचा भर माघांत! नाताळांत जाणाऱ्या पालकांनीं मुलांस बर्फाचें वचन देऊं नये. पर्वत दाखवूं, देवदार दाखवूं, आणि बर्फ भेटला तर त्याच्याशीं खेळूं, एवढेंच सांगावें. वचन मोडलें म्हणजे मूल थंडीनें जितकें कष्टी होत नाहीं तितकें निराशेनें होतें.

हा इशारा पोकळ नव्हे. २०२४ सालीं जानेवारीचा बहुतेक महिना गुलमर्गाचें कुरण उघडें पडलें होतें, आणि बर्फ पाहावयास आलेले लोक वाळलेलें गवत पाहून परतले. बर्फ पडला तो महिनाअखेरीस व पुढें फेब्रुवारींत. २०२५ सालीं तर फेब्रुवारींत व्हावयाचे राष्ट्रीय सामने बर्फाअभावीं मार्चांत ढकलावे लागले. ज्या मंडळींजवळ हवामानशास्त्रज्ञ व अधिकारी होते, त्यांचाही बेत जेथें चुकला, तेथें आपण आपला बेत लवचीक ठेवणें हेंच शहाणपण होय.

बेत लवचीक ठेवावयाचा तो असा. समजा, एका कुटुंबानें तीनच दिवसांची रजा काढली, आणि पहिल्याच दिवशीं हिमवृष्टीनें विमानें बंद पडलीं. दुसऱ्या दिवशीं गुलमर्गाचा रस्ता अडला. तिसऱ्या दिवशीं परतीची वेळ झाली. पैसा गेला, पदरीं मात्र कांहींच पडलें नाहीं. त्याऐवजीं दिवस सहा-सात धरावे, आणि त्यांतील निदान दोन रिकामे ठेवावे. ते रिकामे दिवस म्हणजे आळस नव्हे. तीं बेताचीं राखीव ठेव आहे. मुंबईहून श्रीनगरापर्यंत विमानानें जातां येतें. २०२५ सालच्या जून महिन्यापासून कटऱ्याहून श्रीनगरापर्यंत आगगाडीही धांवूं लागली आहे, व वाटेंत चिनाब नदीवरील ३५९ मीटर उंचीचा पूल लागतो. श्रीनगराहून गुलमर्ग सुमारें ५० किलोमीटर. त्यांतील टंगमर्गापासूनची चढण बर्फांत निसरडी होते, तेव्हां चाकांस लोखंडी सांखळ्या बांधलेल्या गाड्याच वर जाऊं देतात. त्या गाडीचें भाडें आधींच ठरवून घ्यावें.

वस्त्रांविषयीं एकच नियम ध्यानांत ठेवावा : एका जाड कपड्यापेक्षां तीन पातळ कपडे बरे. दोन कपड्यांमध्यें कोंडलेली हवा ऊब राखते. अंगालगत सुती कपडा घालूं नये. तो घामानें भिजतो व लवकर वाळत नाहीं. मधें लोंकर, आणि वर वारा व पाणी अडविणारा डगला असावा. काळा चष्मा हा येथें नखरा नव्हे. ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा फार मोठा भाग परत फेंकतो, आणि त्यानें डोळे भाजल्यासारखे होतात. रात्रीं खोलींत कोळशाची शेगडी पेटवून दारें-खिडक्या बंद करून कधींही निजूं नये. तिच्यांतून निघणाऱ्या विषारी वायूस ना रंग, ना वास. झोंपलेला माणूस जागाच होत नाहीं.

स्की म्हणजे पायांस बांधावयाच्या लांब, अरुंद, पुढें वर वळलेल्या पट्ट्या. शरीराचा भार त्यांच्यावर पसरतो, म्हणून पाय बर्फांत रुतत नाहींत. पट्ट्या, जोडे व काठ्या तेथें भाड्यानें मिळतात. शिकविणारेही भेटतात, व सरकारी शिक्षणसंस्थाही आहे. नवशिक्यास प्रथम शिकवितात तें थांबावें कसें हें. धांवावें कसें हें मागाहून. पट्ट्यांचीं पुढचीं टोकें जवळ व मागचीं दूर करून नांगराच्या फाळासारखा कोन केला म्हणजे त्यांच्या आंतल्या कडा बर्फांत रुततात आणि वेग मंदावतो. पहिले दोन दिवस सपाट कुरणावर पडण्यांतच जातात. पडावें तें कुशीवर, आणि उठून पुन्हां उभें राहावें. पहिल्याच दिवशीं रज्जुमार्गानें शिखराकडे धांव घेऊं नये.

हा रज्जुमार्ग दोन टप्प्यांचा आहे. पहिला कोंगदूरीपर्यंत, सुमारें १०००० फुटांवर. दुसरा अफरवटाच्या खांद्यावर, सुमारें १३००० फुटांवर. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें तीनपंचमांश उरतो. डोकें दुखूं लागलें, मळमळूं लागलें, तर धीर धरून बसूं नये, खालीं उतरावें. वारा सुटला कीं हा मार्ग बंद होतो, तेव्हां तिकिटें काढली असलीं तरी रागावूं नये.

सर्वांत मोठें भय हिमप्रपाताचें. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर नवा थर जुन्या थरावरून एकाएकीं निसटतो आणि वाटेंत येईल तें गाडून टाकतो. जोराच्या हिमवृष्टीनंतरचा एक-दोन दिवसांचा काळ विशेष घातक. आणि नेमक्या त्याच वेळीं आकाश निळें होऊन उतार मोहक दिसतात. २०१० सालच्या फेब्रुवारींत खिलनमर्गाजवळ शिक्षण घेत असलेले सतरा सैनिक अशा प्रपातांत मृत्यु पावले. ते अनाडी नव्हते, दुबळेही नव्हते. गाडल्या गेलेल्या माणसास वांचविण्यास पहिलीं दहा-पंधरा मिनिटेंच काय तीं हातीं असतात. म्हणून आंखलेली हद्द ओलांडूं नये, व तेथील पहारेकरी ‘आज नको’ म्हणाला तर तो शब्द अखेरचा मानावा.

तेथील माणसांचा असा मान राखणें हाही आखणीचाच भाग आहे. जो मनुष्य आपली घसरगाडी ओढतो, तो कित्येकदां त्या चार महिन्यांच्या मिळकतीवर वर्षाची बेगमी करतो. बर्फ न पडलेल्या वर्षीं आपली एक सुटी फुकट जाते. त्याच्या घरचें वर्ष फुकट जातें. घासाघीस करतांना एवढें आठवावें.

मुलांनो, बर्फांत पहिला धडा थांबण्याचा असतो, हें वर सांगितलेंच आहे. तोच धडा पालकांनीं बेत आखतांना गिरवावा. वाट अडली तर थांबतां यावें, म्हणून दिवस शिल्लक ठेवावे. उतार धोक्याचा असला तर थांबतां यावें, म्हणून मन आधींच तयार करावें. मग बर्फ भेटो वा न भेटो, सुटी वायां जाणार नाहीं, आणि गेलेलीं सर्व माणसें सुखरूप घरीं परततील. कोणत्याही प्रवासाचें पहिलें फळ तेंच होय.