खांब वर आला की कलला?

लिटरेचर रिव्ह्यू कसा करावा, असं ज्युनिअर मुलं विचारतात, तेव्हा मी त्यांना माझ्या मामांच्या कुंपणाची गोष्ट सांगतो. त्यात फजिती माझीच आहे.

मामा लोहगडवाडीला राहतात. गडाच्या पायथ्याला, उतारावर त्यांची भातखाचरं आहेत. कुंपण म्हणजे लोखंडी अँगल, काटेरी तार आणि 10 फुटांचं एक गेट. दर पावसाळ्यात खांब हलायचे आणि गेट जमिनीला घासायचं. मी तेव्हा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला होतो, विषय माती आणि पाया. मामांनी विचारलं आणि मी शोधायला बसलो. ‘कुंपणाचे खांब सैल का होतात’ यावर जे जे सापडलं, ते बहुतेक बर्फाळ देशांतलं होतं. सल्ला एकच: खड्डा खोल घ्या, तळाशी खडी भरा. मी तो जसाच्या तसा मामांना दिला.

तिकडे खरं काय होतं?

थंड प्रदेशात जमीन गोठते आणि खांब दर हिवाळ्यात थोडा थोडा वर येतो. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, म्हणून असं होतं, हे उत्तर आपण शाळेतल्या विज्ञानावरून लगेच देतो. स्टीफन टॅबर या अमेरिकन भूवैज्ञानिकाने 1929-30 च्या सुमारास हे उत्तर तपासलं. त्याने मातीत पाण्याऐवजी बेंझीन घातलं. बेंझीन गोठताना आकसतं. तरीही माती वर उचललीच गेली! म्हणजे मुख्य कारण फुगणं नव्हतं. बारीक कणांच्या मातीत खालचं पाणी गोठणाऱ्या थराकडे ओढलं जातं आणि तिथे बर्फाचे पापुद्रे जाड होत जातात. गोठलेली माती खांबाला बाजूने घट्ट धरते आणि सोबत वर नेते. खालच्या पोकळीत माती घसरते, मग बर्फ वितळला तरी खांब पूर्ण खाली बसत नाही.

म्हणून तिकडे पाया गोठणाऱ्या थराच्या खाली नेतात. मिनेसोटाच्या उत्तर भागात इमारतींसाठी ही खोली 5 फूट धरतात. खडी भरायची ती पाणी निचरून जावं आणि गोठायला कमी उरावं म्हणून. दोन्ही उपाय त्या कारणावर चोख बसतात.

आणि लोहगडवाडीत?

दोन फुटांवर कातळ लागला. तरी मी तळाशी खडी भरायला लावली. या पट्ट्यात वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. खालचा कातळ पाणी सोडेना, त्यामुळे प्रत्येक खड्डा म्हणजे छोटी विहीरच झाली. ऐन लावणीच्या तोंडावर गेटचा खांब आडवा झाला आणि गुरं रोपात शिरली. मामा एवढंच म्हणाले, “आरं, हितं कुठं बर्फ पडतंय?”

त्या वर्षी लावणीला रोप कमी पडलं. मामांना ते विकत आणावं लागलं.

आधी काय बघायला हवं होतं?

पुढच्या उन्हाळ्यात मी प्रत्येक खांबावर जमिनीलगत रंगाची खूण केली. पावसाळ्यानंतर खूण जागेवरच होती, शेंडा मात्र कलला होता. खांब वर येतच नव्हता. ओल्या मातीची पकड गेली होती आणि ओढ त्याला वाकवत होती.

पण नुसती खूणही पुरत नाही. सोलापूरकडच्या काळ्या मातीत खांब बर्फाशिवायही वर येऊ शकतो, कारण ती माती ओलीने फुगते. म्हणून दोन प्रश्न लागतात: खांब कुठल्या दिशेला हलला, आणि वर्षातल्या कुठल्या काळात?

गेटचं गणित वेगळंच निघालं. 3 मीटर रुंद, 40 किलोचं गेट, दोन बिजागऱ्यांत 1 मीटर अंतर. वजन मधोमध धरलं तर ते खांबापासून दीड मीटरवर पडतं. म्हणजे 40 गुणिले 1.5, भागिले 1. वरच्या बिजागरीवर 60 किलो वजनाइतकी आडवी ओढ, आणि तीही रात्रंदिवस!

मग उपाय ठरला. कुंपणाच्या वरच्या अंगाला चर काढला. खडी काढून मुरूम थराथराने धुमसाने ठोकला. खांबाभोवती पाणी बाहेर पळेल असा उतार दिला. गेटच्या खांबाला कातळात भोक पाडून बसवला आणि पलीकडून तिरका टेकू दिला. त्यानंतरचा पावसाळा गेट घासल्याशिवाय गेला.

मी वाचलेला एकही लेख चुकीचा नव्हता. ‘खांब सैल झाला’ हे लक्षण आहे, आणि मी लक्षण जुळलं म्हणून उपाय उचलला. तुमच्या रिव्ह्यूच्या तक्त्यात ‘निष्कर्ष’ हा रकाना असेलच. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखा: ‘हे कशामुळे घडतं, आणि ते कारण माझ्या जागेवर आहे का?’ तो भरता येत नसेल, तर वाचन थांबवून आधी खांबावर खूण करून या.