मोटारीची किल्ली आणि बटण

जुन्या मोटारीची किल्ली बाजूला सारून तिच्या जागी बटण बसवून घ्यावे, अशी हौस हल्ली पुष्कळांना असते. नव्या मोटारी बटणानेच चालू होतात. मालकाने खिशातली किल्ली बाहेर काढायचीही गरज नसते. मग पंधरा वर्षांच्या आपल्या गाडीने काय पाप केले आहे, असा विचार मनात येतो. बाजारात त्यासाठी तयार किट मिळते. ठाण्यात, कल्याणात, उल्हासनगरात ते बसवून देणारे वायरिंगवाले मिळतात, आणि दोन-तीन तासांत काम होऊन जाते. मीही ते करून घेतले. मी यंत्रशास्त्राचा माणूस नव्हे. महाविद्यालयात शिकवणारा साधा एम. ए. आहे. परंतु त्या बटणापायी मला जे शिकावे लागले, ते आपल्याही उपयोगी पडेल असे वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. बटण ही काही नवी गोष्ट नव्हे. उलट किल्लीच मागाहून आलेली आहे. सुरुवातीच्या मोटारी पुढच्या बाजूला हँडल घालून, ते हाताने फिरवून चालू करीत. ते हँडल कधी उलटा झटका देई आणि मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत तो बसला. यालाच आपण ‘सेल्फ’ म्हणतो. पुढे कित्येक वर्षे किल्लीने फक्त वीज चालू होई, आणि सेल्फ मारायला डॅशबोर्डावर वेगळे बटण किंवा ओढायची मूठ असे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला तर ते बटण पायाशी होते. किल्ली पुढे फिरवली की सेल्फही लागतो, ही सोय अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने १९४९ साली आणली आणि मग ती सर्वत्र रूढ झाली. म्हणजे आपले आजोबा जे करीत होते, तेच आज नातू पैसे मोजून करून घेत आहेत!

आता हे बटण काम कसे करते? ज्यांच्या विहिरीवर किंवा बोअरवर पंप आहे त्यांना हे शिकवायला नकोच. पंपाच्या स्टार्टरच्या पेटीवर एक हिरवे आणि एक लाल बटण असते. हिरवे दाबले की आत ‘खट्ट’ असा आवाज होतो आणि मोटार घुमू लागते. त्या हिरव्या बटणातून पंपाची सगळी वीज जाते काय? नाही. बटणातून जाते ती थोडीशी वीज. ती आतल्या कॉइलला मिळते, कॉइल लोहचुंबक बनते, ते लोखंडी पट्टी ओढून घेते आणि त्या पट्टीवरचे जाड संपर्क जुळून मग मोठी वीज पंपाकडे जाते. गावच्या पाटलाने नुसती मान हलवावी आणि दहा माणसे कामाला लागावीत, तसा हा प्रकार.

मोटारीतही अगदी हेच आहे. लहान मोटारीचा सेल्फ फिरताना बॅटरीतून शंभर अँपिअर किंवा त्याहूनही अधिक वीज ओढतो. एवढी वीज किल्लीतून नेली तर किल्ली वितळेल. म्हणून सेल्फच्या डोक्यावर सॉलेनॉइड नावाचा मोठा चुंबक-स्विच असतो. किल्ली फक्त त्याला इशारा देते. परंतु तो इशाराही दहा-वीस अँपिअरचा असतो, आणि बाजारातल्या नाजूक बटणाला तेवढाही सोसवत नाही. म्हणून बटण आणि सॉलेनॉइड यांच्यामध्ये आणखी एक लहान ‘रिले’ घालावा लागतो. काळी चौकोनी डबी असते ती. तिच्या पायांवर ८५, ८६, ३० आणि ८७ असे आकडे असतात. ८५ आणि ८६ हे चुंबकाचे दोन पाय. त्यांतून पाव अँपिअरहूनही कमी वीज गेली की ३० आणि ८७ हे पाय आतून जोडले जातात. कोणी रिले न घालता बटण सरळ सॉलेनॉइडला जोडले, तर ते महिन्या-दोन महिन्यांत जळते. किंवा त्याहून वाईट म्हणजे आतून चिकटते, आणि इंजिन चालू झाले तरी सेल्फ फिरतच राहतो. त्याचा दाता फ्लायव्हीलवर किरकिरत झिजतो आणि तारा तापतात. बॅटरीपासून येणाऱ्या तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज हवा तो एवढ्याचसाठी.

इथवरचा भाग सोपा आहे आणि बहुतेक वायरिंगवाले तो नीट करतात. खरी गोष्ट पुढेच आहे.

आपण किल्ली फिरवतो तेव्हा आपल्याला एकच काम दिसते: गाडी चालू झाली. वास्तविक ती किल्ली चार कामे करते. एक, ही गाडी माझी आहे असे ती गाडीला पटवते. दोन, ती स्टिअरिंगचे कुलूप उघडते. तीन, ती इंजिनाला आणि दिव्यांना वीज देते. आणि चार, ती सेल्फ मारते. बटण यांतली शेवटची दोन कामे हौसेने करते. पहिली दोन कोणी करायची, हे मात्र गाडी गॅरेजमध्ये लावताना कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते.

यांतले स्टिअरिंगचे कुलूप घ्या. मारुती ८०० सारख्या गाडीत किल्ली काढून चाक थोडे फिरवले की ‘खट्ट’ होते आणि चाक अडकते. स्टिअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत एक पोलादी खिटी जाऊन बसते म्हणून असे होते. ती खिटी मागे ओढून धरण्याचे काम किल्ली करते. नव्या बटणाच्या मोटारीत हे काम कारखान्यातच वेगळ्या विजेच्या यंत्रणेवर सोपवलेले असते. बाजारातल्या साध्या किटमध्ये तशी काही सोय नसते. मग वायरिंगवाला काय करतो? एक तर ती खिटीच काढून टाकतो. म्हणजे चोराचे काम निम्मे झाले. नाहीतर किल्लीचे डोके कापतो आणि उरलेला तुकडा कुलपात तसाच ठेवतो. त्या तुकड्यावर चालत्या गाडीत आपले प्राण अवलंबून असतात, हे आपल्या ध्यानात येत नाही. घोडबंदर रस्त्याने गायमुखच्या घाटात शिरलात, दोन्ही बाजूंना अवजड ट्रक आहेत, आणि वळणावर तो तुकडा सैल होऊन खिटी पुढे सरकली तर? ब्रेक लागेल, पण चाक वळणार नाही. इतर काही बिघडले तर गाडी बाजूला घेता येते. हे बिघडले तर बाजूला घेणेच बंद होते.

ज्या किल्ल्यांत लहानशी चिप असते, त्या गाड्यांत आणखी एक गंमत करतात. इंजिनाचा संगणक ती चिप ओळखल्याशिवाय गाडी चालू होऊ देत नाही. त्यावर तोड म्हणून दुसरी किल्ली डॅशबोर्डाच्या आत कायमची दडवून ठेवतात. घराला कुलूप लावून किल्ली दाराच्या कडीलाच टांगून ठेवण्यासारखे झाले हे.

आता माझी हकीगत सांगतो. माझी गाडी मारुती ८००, कल्याणच्या एम. एच. ०५ क्रमांकाची. किट बसवून घेतले. कोणत्या गॅरेजमध्ये, ते महत्त्वाचे नाही. दोष निम्मा माझाच होता. त्या किटमध्ये एक तार ब्रेकच्या स्विचला जोडायची असते. पायाने ब्रेक दाबलेला असेल तरच बटणाने सेल्फ लागावा, नाहीतर नुसते दिवे लागावेत, अशी त्यात योजना असते. माझ्या गाडीचा ब्रेकचा स्विच कधी चाले, कधी न चाले. मिस्त्री म्हणाले, “सर, आपल्याला कशाला पाहिजे ती वायर? रोज कटकट होईल. डायरेक्ट करून टाकतो.” मी म्हणालो, “करा.” त्या एका शब्दाने ब्रेक दाबला असो वा नसो, गाडीला तो सदैव दाबलेलाच वाटू लागला.

पंधरा-वीस दिवस मोठ्या ऐटीत गेले. एके दिवशी संध्याकाळी डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या आवारात मी गाडी उभी केली. हँडब्रेक जरा ढिला होता म्हणून, आपण सगळे करतो तसे, पहिल्या गिअरमध्ये ठेवली. भाजीच्या पिशव्या घेऊन उतरलो आणि शेजाऱ्यांशी बोलत दहा पावलांवर उभा राहिलो. दार उघडेच होते. शेजाऱ्यांचा सात वर्षांचा नातू आत जाऊन चाकापाशी बसला. मी पाहिले आणि हसलो. किल्ली तर माझ्या शर्टाच्या खिशात! किल्ली खिशात असली की गाडी निर्धास्त, ही वीस वर्षांची सवय.

परंतु आता ती किल्ली नव्हती, बिनतारी बिल्ला होता. मालक जवळ आहे एवढेच तो गाडीला सांगतो. मालक आत आहे की बाहेर, हे काही सांगत नाही. दहा पावलांवरून त्याने इमानाने साक्ष दिली. मुलाने निळा दिवा लागलेले ते सुंदर बटण दाबले. गाडी गिअरमध्ये होती, म्हणून सेल्फने इंजिनाबरोबर चाकेही फिरवली. गाडीने पुढे उडी मारली, इंजिनही पेटले, आणि पाण्याच्या टाकीच्या भिंतीला धडकून ती बंद पडली. त्या भिंतीला लागून बाकावर मुलाची आजी बसलेली होती. तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर बंपर थांबला.

कोणाला लागले नाही. गिलावा पडला, एक दिवा फुटला. परंतु त्या रात्री मला झोप आली नाही, हे कबूल करतो.

पुन्हा पंपाकडे येऊ. वीज गेली की पंपाचा स्टार्टर आपोआप सुटतो, आणि वीज आली तरी हिरवे बटण दाबल्याशिवाय पंप चालू होत नाही. ही अडचण नव्हे, संरक्षण आहे. तरीही रात्री उठून शेतात जायला नको म्हणून शेतकरी त्याला ऑटो स्विच लावतात. मग वीज येताच सगळे पंप एकदम उठतात आणि रोहित्रावर ताण पडतो. ऑटो स्विच काढा, असे महावितरण वारंवार सांगते ते यासाठीच. मी ब्रेकची तार ‘डायरेक्ट’ करून घेतली, ती याच जातीची गोष्ट होती. फक्त माझ्या पंपाला चार चाके होती.

मग काय करावे? ज्यांना बटणाची हौस आहे त्यांनी ती जरूर पुरवावी, परंतु माझे मत असे की किल्ली काढू नये. किल्ली जिथे आहे तिथेच राहू द्यावी. ती घालून ‘ऑन’पर्यंत फिरवावी, त्याने स्टिअरिंगची खिटी मागे जाते, चिप असेल तर ओळखली जाते, इंजिनाला वीज मिळते. फक्त शेवटचा टप्पा, म्हणजे सेल्फ, तेवढा बटणावर घ्यावा. यात कमीपणा काही नाही. होंडाची एस २००० ही वेगवान मोटार १९९९ ते २००९ या काळात निघत असे. तिच्यात नेमकी अशीच व्यवस्था होती: आधी किल्ली, मग बटण.

दुसरे म्हणजे क्लच-पेडलच्या खाली एक लहान स्विच बसवावा आणि बटणाची तार त्यातून न्यावी. एकामागे एक दोन दारे असावीत आणि दोन्ही उघडल्याशिवाय माजघरात जाता येऊ नये, तशी ही जोडणी. क्लच पुरा दाबलेला असेल तेव्हा इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटलेला असतो. गिअर कोणताही असो, गाडी उडी मारीत नाही. शिवाय लहान मुलाचा पाय तिथवर पोहोचत नाही. शाळेच्या आवारात गाडी लावणाऱ्या शिक्षकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मधल्या सुट्टीत मोटारीत डोकावणार नाही असे मूल मी तरी पाहिलेले नाही.

काही किटमध्ये चालत्या गाडीत बटणाला नुसता धक्का लागला तरी इंजिन बंद होते. कारखान्यातून बटणासह आलेल्या मोटारीत तसे होऊ नये म्हणून बटण काही क्षण दाबून धरावे लागते, किंवा लागोपाठ अनेकदा दाबावे लागते. इंजिन बंद पडले की ब्रेकला मदत करणारी हवेची ओढ दोन-तीन दाबांपुरतीच उरते, आणि मग पेडल दगडासारखे होते. किट घेण्यापूर्वी हे दुकानदाराला विचारावे, आणि गाडी ताब्यात घेताना मोकळ्या मैदानात, बैलगाडीच्या वेगाने, स्वतः करून पाहावे.

कायद्याविषयी थोडेसे. मोटर वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १२६ प्रमाणे चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसेल, तर सार्वजनिक जागी उभ्या गाडीचे इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला असला पाहिजे. चालकाच्या गैरहजेरीत ती अपघाताने चालू होता कामा नये. खिशातल्या बिल्ल्याच्या जोरावर दहा पावले दूर उभे राहणाऱ्याने हे कलम एकदा वाचावे. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा. चोरी झाल्यावर कुलपाची खिटी आपणच काढली होती हे सांगत बसण्यापेक्षा ते बरे.

मुरबाडवरून माळशेजकडे रात्री-अपरात्री जाणाऱ्यांसाठी आणखी एक. बॅटरी अर्धी उतरली की साध्या किल्लीच्या गाडीला चार माणसांनी धक्का मारला तर ती चालू होते. किटमधली इलेक्ट्रॉनिक पेटी मात्र तेवढ्या विजेवर जागी होईलच असे नाही. मग माणसे असूनही धक्क्याचा उपयोग नाही. किल्ली जागेवर ठेवलेली असली, तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

माझ्या गाडीत आता किल्ली परत आली आहे. बटणही आहे, क्लचखालचा स्विचही आहे, आणि हँडब्रेकची तार नवी घातली आहे. स्विच आणि रिले मिळून खर्च किटच्या मानाने किरकोळच आला. टाकीच्या भिंतीचा गिलावा मात्र मला पदरच्या पैशाने करून द्यावा लागला. त्या आजी अजून तिथेच बसतात; पण मी गाडी आत घेताना दिसलो की बाकाच्या पलीकडच्या टोकाला सरकतात.