फाशी कुठे देतात?

एप्रिल २०२४ मध्ये हुबळीच्या एका कॉलेजच्या आवारात भरदिवसा एका विद्यार्थिनीचा भोसकून खून झाला. मोर्चे निघाले, ‘फाशी द्या’च्या घोषणा झाल्या. माझी भाची त्याच वयाची, तीही मैत्रिणींबरोबर गेली होती. रात्री जेवताना मी सहज विचारलं, "फाशी कुठे देतात गं, आपल्या राज्यात?" तिला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर ताटावर बसलेल्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

बेळगावजवळच्या हिंडलगा तुरुंगात. धारवाडहून दीड-दोन तासांचा रस्ता. पण १९८३ नंतर तिथे कोणालाही फाशी दिलेली नाही.

त्याआधीच्या फाश्या मात्र आपल्या मुलखाला चांगल्याच परिचयाच्या आहेत. नरगुंदचे संस्थानिक भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे हे आपल्यासारखेच मराठी घरातले. त्यांना मूल नव्हतं आणि इंग्रजांनी दत्तक नाकारलं. २९ मे १८५८ च्या रात्री सुरेबानला पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला आणि त्याचं शिर नरगुंदात आणून टांगलं गेलं. इंग्रजी फौज लगेच चालून आली, गड पडला, बाबासाहेब पकडले गेले. बेळगावात खटला चालला आणि १२ जूनला ते फासावर गेले. म्हणजे खुनापासून फाशीपर्यंत अवघे चौदा दिवस! आज ‘लवकर न्याय हवा’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर लक्षात ठेवावा. इतक्या घाईत कोणाचं म्हणणं किती ऐकलं गेलं असेल? गोष्ट नरगुंदातून सांगितली तर शहिदाची, मॅन्सनच्या घरातून सांगितली तर खुन्याची.

सत्तावीस वर्षांपूर्वी, १८३१ च्या जानेवारीत, खानापूर तालुक्यातल्या नंदगडला संगोळ्ळी रायण्णाला असंच लटकवलं होतं. सरकारच्या लेखी तो बंडखोर. आज त्याच्या समाधीपाशी मूल व्हावं म्हणून नवस बोलतात आणि तिथल्या वडाला लाकडी पाळणे बांधतात.

स्वातंत्र्यानंतर कायदा हळूहळू उलटा फिरला. १९५५ पर्यंत खुनाच्या खटल्यात न्यायाधीशाने फाशी दिली नाही तर ‘का दिली नाही’ हे लिहावं लागे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने उलट केलं: फाशी द्यायची असेल तर विशेष कारणं लिहा. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ गुन्ह्यापुरतीच ही शिक्षा ठेवली. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आपल्या भागातल्या अशा प्रकरणांची फाइल २००८ पासून आपल्या धारवाडच्याच पीठाकडे येते. डॉ. आंबेडकरांनी तर जून १९४९ मध्ये संविधान सभेतच ही शिक्षा रद्द व्हावी असं मत मांडलं होतं. २०१५ मध्ये विधी आयोगानेही दहशतवादाचे गुन्हे वगळता ती काढून टाकण्याची शिफारस केली. संसदेने मात्र २०१८ मध्ये बारा वर्षांखालील मुलीवरच्या बलात्कारालाही फाशीची तरतूद आणली.

हिंडलग्याला शेवटची मोठी खळबळ झाली ती २०१३ मध्ये. पालार स्फोटातले वीरप्पनचे चार साथीदार तिथे होते. विशेष न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली होती, सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती वाढवून फाशी केली. दयेचा अर्ज नऊ वर्षं पडून राहिला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये फेटाळला गेला. वकिलांनी धावपळ करून स्थगिती मिळवली. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतका विलंब हीच क्रूरता ठरवली आणि फाशीची जन्मठेप केली. कोल्हापूरच्या गावित बहिणींचंही तेच झालं. २००१ मध्ये फाशी सुनावली, २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विलंबाच्या कारणावरून जन्मठेप केली. लहान मुलांच्या खुनांचं ते प्रकरण. मुलं गमावलेल्या आईबापांनी एकवीस वर्षं काय केलं असेल?

हे सगळं मी भाचीला सांगत होतो आणि ती ऐकत होती. मी फाशीच्या विरोधात आहे हे तिला माहीत आहे. चुकीची शिक्षा झाली तर जन्मठेपेतला माणूस निदान सोडता येतो, हे माझं नेहमीचं म्हणणं.

मग एप्रिल २०२५ उजाडला. हुबळीत पाच वर्षांच्या मुलीला पळवून नेऊन मारलं. संशयित त्याच दिवशी पोलिसांच्या गोळीने मेला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे तो हल्ला करून पळत होता. खटला नाही, वकील नाही, दयेचा अर्ज नाही. चौदा दिवसही लागले नाहीत. बातमी वाचली तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. मी ते तिच्यापासून लपवलं नाही.

"मामा, मग तू मोर्च्यात नव्हतास, एवढाच फरक," ती म्हणाली.

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं मत अजून तेच आहे, तिचंही. येत्या रविवारी आम्ही दोघं नरगुंदला जाणार आहोत. गड तिने अजून पाहिलेला नाही.