सुट्टी तीन दिवसांची, फिरणं किती तासांचं?

खांदेश्वरहून रोज सीएसएमटी गाठणाऱ्यांना वेळेचा हिशेब शिकवायला नको. जिन्यासमोर कुठला डबा येतो, चौथी सीट कुठे मिळते, सगळं पाठ! पण हीच मंडळी फॉरेन ट्रिप ठरवायला बसली की म्हणतात, 'लाँग वीकेण्ड आहे ना? सिंगापूर-मलेशिया दोन्ही करू.' थांबा बॉस! दिवस नाही, तास मोजा.

शुक्रवारची सुट्टी घ्या, २०२६ मधल्या १ मे किंवा २ ऑक्टोबरसारखी. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, विमानप्रवास साधारण साडेपाच तासांचा. गुरुवारी रात्री बाराला उडालात की तिथे उतरता सकाळी आठला. त्यासाठी सहारला नऊपर्यंत पोचायचं, म्हणजे खांदेश्वरहून सातला निघायचं. ऑफिस फोर्टात असेल तर हाफ डे टाकावाच लागणार. २५ डिसेंबर २०२५ ला आपल्या शेजारी उलव्याचा विमानतळही सुरू झालाय, तेव्हा तिकिटावर विमानतळाचं नाव नीट वाचा. चुकीच्या टोकाला पोचलात तर सगळंच संपलं!

इमिग्रेशन, बॅग, मेट्रो करत हॉटेल गाठेपर्यंत दहा वाजतात आणि रूम मिळते दुपारी दोन-तीनला. बॅग रिसेप्शनवर टाका नि निघा. झोप झालेली नसते, म्हणून पहिला दिवस हलका ठेवा: लिटल इंडियात जेवण, संध्याकाळी गार्डन्स बाय द बेमधला लाइट शो (तो फुकट आहे, हे विशेष). शनिवार अख्खा सेंटोसाला द्या. रविवारी रात्री आठचं विमान म्हणजे चारनंतर फिरणं बंद. हातात आले तीसेक तास. यात मलेशिया कुठे बसवणार?

युरोपचं गणित आणखी कडक. पाच रजा आणि दोन्हीकडचे वीकेण्ड मिळून नऊ दिवस होतात. त्यातले जवळजवळ दोन विमानात आणि विमानतळांवर जातात. शहर बदललं की बॅग भरणं, चेक-आउट, ट्रेन यात अर्धा दिवस आणखी गेला. सात देशांचं ब्रोशर देखणं दिसतं, पण फोटोत बसचीच खिडकी जास्त येते. माझं मत विचाराल तर दोन शहरं, फार तर तीन. वारही बघा: पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद, व्हॅटिकन म्युझियम्स बहुतेक रविवारी बंद.

शेवटी या रजा काही आभाळातून पडत नाहीत. गावचा गणपती, चुलतबहिणीचं लग्न, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन यांतून उरलेल्या असतात.

तारखा ठरल्या की तिकिटाआधी व्हिसाचं बघा. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण प्रकरण ४५ दिवसांपर्यंतही लांबू शकतं. आणि पासपोर्ट आज रात्रीच कपाटातून काढा. बरेच देश सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात.