विश्लेषण : लस नाही, औषध नाही… दक्षिण सुदानमध्ये नारूविरोधी लढ्यात मुले महत्त्वाची का?

महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला नारू आठवत असेल. भारतात शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात आढळला आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. दक्षिण सुदानमध्ये मात्र ही लढाई अजून सुरू आहे आणि तिथल्या मुलांचा सहभाग त्यात कळीचा ठरतो.

नारू कसा होतो?

साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स हा सूक्ष्म जीव असतो. त्याच्या पोटात नारूच्या अळ्या असतात. असे पाणी न गाळता प्यायल्यास अळी शरीरात शिरते. साधारण वर्षभराने सुमारे एक मीटर लांबीचा जंत बहुधा पायातून बाहेर येऊ लागतो. तो काडीला गुंडाळत थोडा थोडा काढावा लागतो. आग शमवण्यासाठी रुग्णाने पाय तळ्यात बुडवला, की जंत हजारो अळ्या पाण्यात सोडतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. या रोगावर लस नाही, जंत मारणारे औषधही नाही. त्यामुळे माहिती हाच मुख्य उपाय.

मुलांवर भर कशासाठी?

दक्षिण सुदानमध्ये गुरे राखणारे समाज मोठ्या संख्येने आहेत. चाऱ्याच्या शोधात गुरांच्या छावण्या हलतात आणि मुलेही त्यांच्यासोबत जातात. वाटेत मिळेल त्या डबक्यातले पाणी ती पितात, तळ्यात डुंबतात. घरचे पाणी आणण्याचे कामही बहुतेकदा मुली आणि महिलांकडे असते. म्हणजे पाण्याशी सर्वाधिक संबंध मुलांचाच.

डिसेंबर 2013 मध्ये यादवी पेटली. लाखो लोक विस्थापित झाले, अनेक शाळा बंद पडल्या. अशा भागात आरोग्य कर्मचारी दरवेळी पोहोचू शकत नाही. मुलाला जे कळले आहे, ते मात्र छावणीबरोबर फिरते.

मुलांना काय शिकवतात?

गावातले स्वयंसेवक चित्रांच्या तक्त्यांवरून मोजक्याच गोष्टी सांगतात : पाणी कापडातून गाळा, प्रवासात गळ्यातल्या पाइप फिल्टरनेच प्या, पायावर फोड दिसला तर पाण्यात उतरू नका आणि लगेच कळवा. पाइप फिल्टर म्हणजे जाळी बसवलेली छोटी नळी. 2001 मध्ये सुदानमध्ये अशा लाखो नळ्या वाटल्या गेल्या. रुग्णाची खबर देणाऱ्याला रोख बक्षीसही मिळते.

किती फरक पडला?

2006 मध्ये या भागात 20 हजारांहून अधिक रुग्ण होते. 2017 मध्ये एकही नव्हता. पण 2018 मध्ये पुन्हा 10 रुग्ण सापडले. नारूमुक्त ठरण्यासाठी सलग तीन वर्षे शून्य रुग्ण लागतात. जगभरात 1986 मध्ये अंदाजे 35 लाख रुग्ण होते. 2024 मध्ये उरले फक्त 15. आता एक फोड लपला, तरी पुढच्या वर्षी नवे रुग्ण दिसू शकतात.

मर्यादा कोणत्या?

फिल्टर फाटला आणि नवा मिळाला नाही, तर धडा पाठ असूनही मूल तहानेपोटी तेच पाणी पिणार. भारतातही जनजागृतीच्या जोडीला पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त केल्या गेल्या, हातपंप बसले, पाण्यात टेमेफॉस टाकले गेले. मुले सावध करू शकतात, खबर देऊ शकतात. सुरक्षित पाणी देण्याची जबाबदारी मोठ्यांचीच. त्यासाठी आधी शांतता हवी.