सगळं पडतंच आहे

रब्बीची ज्वारी मळून झाली की खळ्यावर वाऱ्याची वाट बघत बसावं लागायचं. वारं सुटलं की एकजण तिवईवर चढायचा आणि पाटी डोक्याच्या वर धरून हळूहळू कलती करायचा. दाणे खाली राशीत, कोंडा चार पावलं पलीकडे. आता परभणीकडेही मळणीयंत्रं आली. त्यांच्या पोटातला पंखा तेच उफणणं करतो.

हवा आपल्याला रिकामी वाटते. पण दहा बाय दहाच्या, तेवढ्याच उंच खोलीत जवळपास तीस किलो हवा असते. खाली येणाऱ्या प्रत्येक वस्तूला ही हवा बाजूला सारावी लागते. ‘परभणी मोती’ या ज्वारीच्या वाणाचा टपोरा दाणा अर्ध्या-पाऊण सेकंदात जमीन गाठतो. कोंडा वजनाला काहीच नाही, अंगानं मात्र पसरट. त्याला याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. वारा ढकलतो दोघांनाही, दाणा त्याच्या हाती फार वेळ लागत नाही इतकंच.

रुईची म्हातारी हाच खेळ टोकाला नेते. बोंड तडकलं की चपटं बी रेशमी तंतूंचा झुबका घेऊन निघतं. तंतूंमध्ये फटीच फटी, तरी हवा त्यांतून सहज निसटत नाही. इतक्या बारीक तंतूंना ती चिकटून राहते आणि झुबका छत्रीसारखा वागतो. तरीही म्हातारी पडतच असते. खालून वर येणारी झुळूक तिच्या पडण्यापेक्षा जोराची असेल, तेवढा वेळच ती वर चढते.

घारीचं गुपितही याच्या जवळचंच. एप्रिलच्या दुपारी मानवतच्या बाजूला नांगरून टाकलेली काळी रानं बघा. काळी माती ऊन पिते, तिच्यावरची हवा तापून हलकी होते आणि वर निघते. कधी तिच्या पायथ्याशी वावटळ पाचोळा फिरवत असते. पाऊण किलोच्या आसपासची घार दीड मीटरभर पंख पसरून त्या वर जाणाऱ्या हवेत गिरक्या घेते. तिरके धरलेले पंख हवेला खाली वळवतात, त्या बदल्यात हवा घारीला वर रेटते. (पंखावरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, म्हणून खालच्या हवेला गाठायला ती पळते, असं बऱ्याच जणांना शिकवलं गेलंय. ते चुकीचं आहे. वरची हवा खालचीला गाठायला थांबत नाही, आधीच पुढे जाते.) एवढं करूनही भोवतालच्या हवेच्या हिशोबात घार सेकंदाला मीटरभर खालीच घसरते. हवा दोन-तीन मीटरनं वर निघालेली असते, म्हणून पंख न हलवता घारीचा ठिपका होतो.

आणि जूनमधले ते ढग, ज्यांच्याकडे बघून पेरणीचा जीव टांगणीला लागतो! किलोमीटरभर लांब-रुंद-उंच अशा साध्या पांढऱ्या ढगात पाचशे टनांच्या घरात पाणी असतं. फक्त ते इतक्या बारीक थेंबांत वाटलेलं असतं, की एकेक थेंब सेकंदाला जेमतेम सेंटिमीटरभर उतरतो. कुठलीही वर जाणारी झुळूक त्याला पेलते. पावसाचा एक नीटसा थेंब व्हायला असे दहाएक लाख थेंब एकत्र यावे लागतात. ते जमलं नाही, तर पाचशे टन पाणी गंगाखेडवरून, गोदावरीवरून, तोंडं वर करून उभ्या असलेल्या माणसांवरून तसंच पुढे निघून जातं.