रडारच्या नजरेची परीक्षा

१२ मे २०२२. बडोद्याच्या शेजारच्या आणंद जिल्ह्यात भालेज, खंभोळज आणि रामपुरा या गावांत आभाळातून धातूचे गोळे पडले! बडोद्यापासून आणंद किती लांब? खालच्या कक्षेतला उपग्रह तेवढं अंतर पाचेक सेकंदांत कापतो. त्याआधी ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, २ एप्रिलला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचं भलंमोठं कडं येऊन आदळलं होतं.

वर फिरणाऱ्या अशा ऐवजावर जमिनीवरची रडारं पहारा देतात. पण पहारेकऱ्याचे डोळे कोण तपासणार?

त्यासाठी मुद्दाम कक्षेत गोळे सोडतात. गोळेच का? उपग्रह गिरक्या घेतो. कधी त्याचे सौरपंख रडारसमोर येतात, कधी नुसती कड, आणि रडारच्या लहरींचा प्रतिध्वनी सारखा कमीजास्त होतो. गोळा कुठूनही पाहा, तेवढाच! १९६५ साली अमेरिकेने १.१३ मीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा पोकळ गोळा सोडला. माप असं बेतलेलं, की रडारला तो १ चौरस मीटरचा भासावा. ना यंत्र, ना बॅटरी, ना इंधन. बिघडणार काय? साठ वर्षं उलटली, स्वारी अजून कक्षेत आहे.

१९९४ मध्ये डिस्कव्हरी यानातून सहा गोळे सोडले: ५, १० आणि १५ सेंटिमीटर व्यासाचे. सगळ्यांत धाकटा लिंबाएवढा!

गोळा एकदा दिसला म्हणून रडार पास होत नाही. तो किती वेळा टप्प्यातून गेला आणि त्यांतल्या किती वेळा सापडला, हा हिशेब महत्त्वाचा.

खरी मेख अंतरात आहे. लहर जाताना पसरते, परततानाही पसरते. म्हणून अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनी सोळाव्या हिश्शावर येतो, तिप्पट झालं की एक्क्याऐंशीव्या!

श्रीहरिकोटाला इस्रोचं ३५ टनी रडार आहे. त्यात ४,६०८ छोटे ॲन्टेना आहेत आणि ते एकाच वेळी दहा वस्तूंचा माग काढतं. ८०० किलोमीटरवर त्याला ३० सेंटिमीटर लांब-रुंद वस्तू पुरते. १,००० किलोमीटरवर मात्र ५० बाय ५० लागते. अंतर फक्त सव्वापट, पण वस्तूचं क्षेत्रफळ पावणेतीनपट! आणि हजार किलोमीटरवरून प्रतिध्वनी परतायला लागतात जेमतेम सात मिलिसेकंद.